सव्वा महिन्याच्या बाळाची किरकिर



ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शिष्यवृत्ती-निधी, वधूवर-सूचक मंडळ अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने आजचा आमचा विषय फारच घरगुती वाटेल. कालपर्यंत दूध पिऊन स्वस्थ निजणारे तान्हे बाळ एकाएकी किरकिर करू लागते, दिवेलागण झाली की आकांत मांडते, आणि सारे घर गोंधळून जाते. त्यासंबंधी चार शब्द बोलण्याचा आमचा मानस आहे. विषय घरगुती खरा. परंतु या रडण्यापायी कित्येक घरांत एका निरपराध व्यक्तीस बोल लागतो, आणि ती व्यक्ती म्हणजे त्या बाळाची आई. म्हणूनच हा विषय चारचौघांत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रथम आमचीच कबुली देतो. आमच्या घरी नात झाली तेव्हा पाचव्या आठवड्यात हाच प्रकार सुरू झाला. कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कोणी पोटाला हिंग चोळला, कोणी गुटीची आठवण करून दिली, आणि आम्ही सूनबाईंस विचारले, "आज काय खाल्लेस?" विचारण्यात दुष्टावा नव्हता. पण त्या प्रश्नासरशी बाळाबरोबर बाळाची आईही रडू लागली. रात्री दहाच्या सुमारास बाळ आपोआप निजले, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. तीन महिने उलटले आणि ते रडणे ओसरले. आमच्या उपायांपैकी कशाने गुण आला, हे कोणासच सांगता येईना. पुढे या विषयावर जे वाचले व डॉक्टरांकडून ऐकले, त्यावरून कळले की गुण कशानेच आला नव्हता. काळाने आला होता.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बालकांच्या रडण्याचा हिशेब प्रसिद्ध केला. मातांनी ठेवलेल्या नोंदींवरून असे दिसले की दुसऱ्या आठवड्यात बाळ दिवसातून सुमारे पावणेदोन तास रडते, सहाव्या आठवड्यात ते प्रमाण सुमारे पावणेतीन तासांवर जाते, आणि तेथून ते उतरू लागते. हे रडणे बहुधा संध्याकाळी अधिक असते. पुढील काळातील निरीक्षणांतही चढउताराचा हाच क्रम आढळला. तीन-चार महिन्यांत बहुतेक मुले निवळतात.

आता आपल्याकडील रीत पाहा. बाराव्या दिवशी बारसे होते. पाहुण्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरूनही बाळ शांत असते. त्यानंतर थोड्याच दिवसांत रडणे वाढते, आणि आपण म्हणतो, बारशात दृष्ट लागली. सव्वा महिना होतो, कित्येक मुली माहेराहून सासरी येतात, आणि नेमके त्याच सुमारास रडणे शिगेस पोहोचते. मग सासरी म्हणतात, आईला सांभाळता येत नाही. माहेरी म्हणतात, सासरची हवा मानवली नाही. वास्तविक दोष बारशाचा नाही, सासरचा नाही, माहेरचा नाही आणि आईच्या दुधाचा तर मुळीच नाही. तो बाळाच्या वाढीचाच एक टप्पा आहे.

मात्र प्रत्येक रडणे असे समजून स्वस्थ बसणेही बरे नव्हे. बाळ एकाएकी रडू लागले की प्रथम त्यास उजेडात उघडे करून नखशिखांत पाहावे. लंगोट ओला आहे काय, अंगडे काचते आहे काय, करदोटा रुतला आहे काय, हे पाहावे. हातापायांची बोटे एक एक करून तपासावीत. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. एखादा केस किंवा मोज्यातील दोरा बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट सुजते, आणि वरून काहीच दिसत नाही. जांघेत गाठ किंवा फुगवटा आहे काय, तेही पाहावे.

काही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब लावू नये. तीन महिन्यांखालील बाळास १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप येणे, दूध न ओढणे, हिरवी उलटी, शौचात रक्त, धापा टाकणे, टाळू फुगणे, अंग लुळे पडणे, किंवा रडण्याचा आवाज नेहमीहून निराळा, क्षीण वा कर्कश येणे, ही ती लक्षणे होत. अशा वेळी दृष्ट काढण्यात गेलेली घटका परत मिळत नाही.

यांपैकी काही नसेल, तर पुढील उपाय क्रमाने करावेत. आधी पाजून पाहावे. या वयात संध्याकाळी बाळ घडीघडी दूध मागते, त्यावरून दूध अपुरे आहे असा निष्कर्ष काढू नये. मग खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी. दुपट्यात सैलसर गुंडाळावे, पाय मात्र आत हलू द्यावेत. दिवे मंद करावेत, माणसांची गर्दी कमी करावी. उराशी धरून संथपणे फेऱ्या घालाव्यात, हलक्या आवाजात काही गुणगुणावे. एक उपाय काही मिनिटे करून पाहावा, मग दुसरा. पाच जणांनी पाच उपाय एकदम केले की बाळ अधिकच बिथरते. झोप लागताच त्यास पाठीवर निजवावे.

आपल्या आज्या-पणज्या मूल कडेवरून खाली ठेवीत नसत, आणि त्यांस कोणी "सवय लावून ठेवाल" असा धाक घालीत. १९८६ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथील एका प्रयोगात काही मातांस, बाळ रडो वा न रडो, दिवसातून निदान तीन तास अंगाशी धरण्यास सांगितले. सहाव्या आठवड्यात ती बाळे इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. ज्यांचे रडणे आधीच अति झाले होते, त्यांस पुढील एका पाहणीत असा गुण दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी उचलून घेतल्याने एवढेसे बाळ बिघडते, हा समज सोडून द्यावा.

काय करू नये, तेही स्पष्ट सांगतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज तोंडी काही नको. औषध डॉक्टरांनी दिले तरच. गुटी व मध दोन्ही वर्ज्य. मधातील एका जंतूचे बीज वर्षाखालील मुलाच्या आतड्यात रुजून अंग लुळे पाडणारे विष उत्पन्न करू शकते. एके काळी मुंबईत गिरणीत राबणाऱ्या माता नाइलाजाने मुलांस अफूची बाळागोळी देत. मूल गप्प होई, पण ती शांती नव्हती, ती गुंगी होती. शेगडीवरील ओवा-शेपांची धुरीही नको. त्या कोवळ्या छातीस धूर सोसत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. तासन्‌तास रडणारे मूल ऐकून अत्यंत प्रेमळ माणसाचाही संयम सुटतो. अशा क्षणी बाळास गदागदा हलविल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन ते जन्माचे अधू होते, प्रसंगी दगावते. आपला धीर सुटतो आहे असे वाटताच बाळास पाळण्यात पाठीवर ठेवावे, दुसऱ्या खोलीत जावे, तोंडावर पाणी मारावे, आणि पाच-दहा मिनिटांनी परत यावे. यात आईस कमीपणा नाही. खरे तर तिच्या हातून बाळ घेणारे दुसरे हात त्या वेळी घरात असले पाहिजेत. आणि ते हात बाळाच्या वडिलांचे असण्यास आमच्या मते काहीच हरकत नाही.

पूर्वी वाड्यात अशा हातांची वाण नव्हती. आज आपली मुले-मुली दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, परगावी, परदेशी एकटी राहतात. म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. ज्ञातीत बाळ जन्मले की आपण बारशास चांदीची वाटी घेऊन जातो. ती वाटी थोडी लहान असली तरी चालेल, पण सहाव्या आठवड्यात पुन्हा एकदा त्या घरी जावे, दिवेलागणीच्या वेळी जावे, आणि "काय खाल्लेस?" असे न विचारता, "आण त्याला इकडे, तू तासभर नीज," असे म्हणावे. महिला शाखेने गावोगावच्या अशा तयार भगिनींची यादी केल्यास हे कार्य सहज साधेल.

आमच्या सूनबाईंस ते वाक्य आम्ही वेळेवर म्हटले नाही, याची रुखरुख आजही वाटते. आपणांपैकी कोणासही ती राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.