संत एलिझाबेथचे ताट



आज एका ख्रिस्ती संतस्त्रीविषयी चार शब्द सांगावे, असे मनात आहे. हंगेरीच्या राजाची ही कन्या एलिझाबेथ. जन्म १२०७ चा. लहानपणीच ती वाग्दत्त वधू म्हणून जर्मनीतील थुरिंगियाच्या राजघराण्यात आली. १२२१ साली तिचा लुडविगशी विवाह झाला आणि वार्टबुर्गच्या डोंगरी किल्ल्यावर तिचा संसार सुरू झाला.

चित्रांत तिच्या ओटीत पुष्कळदा गुलाब दिसतात. गरिबांसाठी नेलेल्या भाकरींची फुले झाली, अशी आख्यायिका आहे. कथा गोड खरीच. पण १२३५ साली तिला संतपद देण्यापूर्वी तिच्या सहवासातील चार स्त्रियांच्या साक्षी लिहून घेतल्या गेल्या. त्यांतील साध्या हकिगती मला त्या गुलाबांहून मोलाच्या वाटतात.

पहिली हकिगत ताटाची. जेवावयास बसली की ती चौकशी करी, हे अन्न कोठून आले? कुळांकडून अन्यायाने उकळलेले असेल, तर ती त्याला शिवत नसे. इतरांच्या लक्षात येऊ नये म्हणून नुसती भाकरी कुस्करीत बसे आणि कित्येकदा भरल्या पंक्तीतून उपाशी उठे. पतीने तिला कधी अडविले नाही. लोकनिंदेची धास्ती नसती तर आपणही असेच केले असते, असे तो म्हणे.

दुसरी हकिगत १२२६ च्या दुष्काळाची. पती इटलीत होता. तिने धान्याची कोठारे उघडली, किल्ल्याच्या पायथ्याशी आजाऱ्यांची सोय केली. पुढे सुगी आली, तेव्हा धडधाकट माणसांना तिने सदरे, जोडे आणि विळे दिले. विळे कापणी करून स्वतःच्या कष्टाने पोट भरावे म्हणून, आणि जोडे शेतातील धसकटे पायांत रुतू नयेत म्हणून! दान देताना घेणाऱ्याच्या तळपायांचा विचार करणारी ही बाई तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची होती.

१२२७ साली धर्मयुद्धास निघालेला लुडविग वाटेतच तापाने वारला. तीन मुलांची ही विधवा पुढे मारबुर्गला गेली. तेथे रुग्णालय काढून तिने स्वतःच्या हातांनी रोग्यांची सेवा केली, मजुरीने लोकर कातली. तिचे सर्वच आचरण आपल्याला पटेल असे नाही. गुरूच्या कडक शिस्तीत तिने पोटच्या मुलांनाही दूर ठेवले. आईच्या मनाला ते कसे पेलले असेल, देव जाणे. १२३१ च्या नोव्हेंबरात, चोविसाव्या वर्षी तिचा देहान्त झाला.

भगिनींनो, आपणही मंडळातर्फे धान्य वाटतो, कपडे वाटतो. ते करताना दोन प्रश्न मनाशी विचारावे. मी देते आहे ते कोणाची मजुरी कापून तर वाचविलेले नाही ना? आणि आज ज्या हातावर मी पसाभर धान्य ठेवते, त्या हाती उद्या विळा यावा म्हणून मी काय केले? एवढे जरी आपण विचारले, तरी त्या साध्वीचे स्मरण सार्थकी लागले, असे मी समजेन.