मास्तर होणारांनीं गांवही शिकावें
(विद्यार्थी व पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलें आतां बी. ए. च्या वर्गांत जाऊं लागलीं आहेत. कोणते विषय घ्यावे, असा प्रश्न घरांत निघतो आणि ज्यांत नोकरी लवकर लागेल ते, असें उत्तर मिळतें. त्यांत आम्ही दोष काढीत नाहीं. पोट कोणाला सुटलें आहे? परंतु ज्या मुलाला वा मुलीला मास्तरकी करावयाची आहे, त्यानें शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र जोडीनें शिकावें, असें आमचें सांगणें आहे.

शिक्षणशास्त्र सांगतें, पोराला कसें शिकवावें. समाजशास्त्र विचारतें, वर्गांत कोण बसलें आहे, कोण बसलें नाहीं, आणि कां.

बीड जिल्ह्यांतील एखाद्या खेड्याचें हजेरीपुस्तक उघडा. दसरा-दिवाळी उलटली कीं कित्येक नांवांपुढें गैरहजेरी पडूं लागते. मुकादमाकडून उचल घेतलेलीं जोडपीं ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. घरीं संभाळणारें कोणी नसलें म्हणजे लेंकरेंही बरोबर जातात, आणि थोरली पोर फडावर धाकट्याला राखते. गाळप संपून तीं परततात तों वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. आतां नुसतें शिक्षणशास्त्र शिकलेला मास्तर म्हणेल, पोर ढ आहे, आईबाप निष्काळजी आहेत. नुसतें समाजशास्त्र शिकलेला पंडित स्थलांतराच्या कारणांवर प्रबंध लिहील. परंतु त्या पोरीचा बुडालेला भागाकार तिला पुन्हां कसा शिकवावा, हें त्याला ठाऊक नसेल. हंगामी वसतिगृह चालवून पोरांना गांवींच ठेवावें, ही जी तोड निघाली, ती उचल आणि कोयता समजल्यावांचून सुचती ना.

ही जोडी आमच्या डोक्यांतली नव्हे. फ्रान्स देशांत एमिल दुर्खीम नांवाचा पंडित होऊन गेला. समाजशास्त्राचा पाया घालणारांत त्याचें नांव घेतात. १८८७ सालीं बोर्दो येथील विद्यापीठांत त्याला नेमलें, तें हीं दोन्ही शास्त्रें शिकविण्याकरितां. पुढें १९०२ सालीं तो पॅरिसला शिक्षणशास्त्राच्या जागीं गेला, आणि १९१३ मध्यें त्या जागेच्या नांवांत समाजशास्त्र हा शब्दही घातला गेला. त्याच देशांत पिएर बूर्दियू झाला. त्याचा आजा दुसऱ्याची जमीन वाट्यानें कसणारा, बाप टपालखात्यांत. त्यानें व पासरों यानें १९६४ सालीं ग्रंथ लिहून दाखविलें कीं, घरांत आयती मिळालेली भाषा आणि रीतभात हीच परीक्षेंत हुशारी म्हणून मोजली जाते. आमचें पोर वर्गांत ‘व्हतं’, ‘न्हाई’ म्हणालें कीं पोरें हंसतात आणि मास्तर तांबडी शाई काढतो. पोराची अक्कल कमी नसते. त्याची बोली फक्त पुस्तकाच्या घरची नसते!

तथापि फ्रान्सला जाण्याआधीं पुण्यास जाऊं. दुर्खीमच्या नेमणुकीच्या पांच वर्षें आधीं, १८८२ सालीं, जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन मांडलें. सरकारचा वसूल बव्हंशीं कष्टकरी रयत भरते आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, हा समाजाचा हिशेब त्यांनीं त्यांत केला. त्यांतच प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, मास्तर शेतकरी वर्गांतून घ्यावे, मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर शेतीचेंही ज्ञान द्यावें, अशी शाळेची आंखणी मांडली. दोन्ही विद्या एकाच कागदावर, आणि त्या कोणत्याही विद्यापीठाची पदवी न घेतां!

एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. हायस्कुलांत मास्तर व्हावयाचें तर बी. एड. लागतें, नुसत्या समाजशास्त्राच्या बी. ए. वर तेथें भागत नाहीं. म्हणून मराठी, इतिहास असा शाळेंत चालणारा विषयही हातीं ठेवावा. बी. एड. मध्यें समाज आणि शिक्षण यांवर प्रकरणें असतातच, परंतु तीं गाइडांतून पाठ करून परीक्षेनंतर विसरण्याची चाल आहे. ती आपल्या मुलांनीं मोडावी.

येत्या सुटींत ज्यांना जमेल त्या विद्यार्थ्यांनीं आपापल्या गांवच्या मास्तरांच्या परवानगीनें हजेरीपुस्तक पाहावें. जीं नांवें गळालीं आहेत त्यांच्या घरीं जावें, ओसरीवर बसावें, आणि पोर शाळेंत कां येत नाहीं हें मायबापांना आदरानें विचारावें. काय ऐकलें तें लिहून आणा. पुढच्या सभेंत तेंच वाचूं.