हरलेल्याचे गुण



टेनिसची रॅकेट आम्ही जन्मात हाती धरलेली नाही. तरी या विषयावर बोलायला उभे आहोत. कारण आजचा विषय खेळाचा कमी आणि मोजणीचा जास्त आहे, आणि मोजणीशी आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा रोजचा संबंध. वाटाघाटीत दहा कलमांवर मालकाला निरुत्तर करावे आणि अकराव्या, पगाराच्या कलमावर हात हलवीत परत यावे, हा अनुभव आमच्यापैकी कोणाला नाही?

१४ जुलै २०१९ रोजी विंबल्डनचा अंतिम सामना स्वित्झर्लंडचा फेडरर आणि सर्बियाचा जोकोविच यांच्यात झाला. ४ तास ५७ मिनिटे चालला. फेडररने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. गेम मोजावेत तर ३६ विरुद्ध ३२. फेडररने प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस ७ वेळा मोडली, जोकोविचने ३ वेळा. आणि चषक नेला जोकोविचने!

पंचांची गफलत झाली काय? मुळीच नाही. टेनिसमध्ये साऱ्या गुणांची बेरीज कोणी करीतच नाही. गुणांचा गेम होतो, गेमांचा सेट होतो, आणि सेट संपला की पाटी कोरी. एकही गुण न देता गेम जिंका, की ड्यूसवर दहादा हेलकावे खाऊन जिंका, नोंद एकाच गेमची. वरचे गुण बुडीत खाती जमा.

एक हिशेब पाहा. सामना तीन सेटांचा. एका खेळाडूने पहिला सेट एकही गुण न देता ६-० जिंकला. त्याचे २४ गुण, समोरच्याचे शून्य. पुढचे दोन्ही सेट तो ४-६ असे हरला. पण जिंकलेले चार गेम चार-शून्य गुणांनी, आणि हरलेले सहा गेम दोन-चार गुणांनी. म्हणजे त्या हरलेल्या प्रत्येक सेटमध्येही त्याचे गुण २८, जिंकणाऱ्याचे २४! एकूण ८० विरुद्ध ४८, आणि ८० गुणांचा धनी पराभूत. घरी गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन अवश्य ताडून पाहा.

फेडररचे असेच झाले. जिंकलेल्या दोन सेटांपैकी एक त्याने ६-१ असा झोडपून काढला. हरलेले तिन्ही टायब्रेकरवर गेले. ७-५, ७-४, ७-३. सामन्याचे सारे गुण ४२२. त्यांतले हे ३३. उरलेल्या ३८९ मध्ये फेडरर २०६-१८३ असा पुढेच होता. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असताना विजय एका गुणावर होता, आणि अशा दोन संधी हुकल्या. त्यावरून 'ऐन वेळी कच खाल्ली' म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. पाच तास सरस खेळणाऱ्याला दोन फटक्यांवरून भित्रा ठरवणे हा न्याय नव्हे. अर्थात जोकोविचचा विजयही नशिबाचा नव्हे. कोणता गुण जड आणि कोणता हलका, हे ओळखून खेळणे हेही कसबच.

मग ही रीत बदलावी काय? रीत काही वेदवाक्य नाही. टायब्रेकर विंबल्डनमध्ये १९७१ साली आला. अखेरच्या सेटमध्ये १२-१२ वर तो खेळण्याचा नियम २०१९ सालचाच; २०२२ पासून चारही मोठ्या स्पर्धांत तो ६-६ वर, दहा गुणांचा, खेळतात. समितीत बसलेली माणसे ठरवतात, बदलतात. पण कोरी पाटी मात्र आम्ही काढणार नाही. सरळ बेरीज धरली, तर पहिला सेट ०-६ हरणाऱ्याने बहुधा घरीच जावे. मागे पडलेल्याला पुन्हा शून्यापासून उभे राहता येते ते या रीतीमुळेच. फेडररचे गुण जिने गिळले, तिनेच दुसऱ्या सेटमध्ये मार खाल्लेल्या जोकोविचला तिसऱ्यात बरोबरीने उभे केले.

जून २०१० मध्ये याच विंबल्डनमध्ये अमेरिकेचा इस्नर आणि फ्रान्सचा माहू तीन दिवस खेळले, एकूण ११ तास ५ मिनिटे. माहूचे गुण ५०२, इस्नरचे ४७८. पाचवा सेट ७०-६८, आणि जिंकला इस्नर. त्या अठरा क्रमांकाच्या मैदानापाशी पाटी लावली आहे. तिच्यावर दोघांची नावे आहेत, सेटांचे आकडे आहेत, लागलेला वेळ आहे. ५०२ हा आकडा तेवढा नाही.