गुणी लेकरांची कमाई



असामान्य बुद्धीच्या मुलांचा विषय निघाला की मोझार्टचे नाव हटकून येते आणि त्याचा बाप लिओपोल्ड याला दूषणे देऊन आपण मोकळे होतो. हा बाप कोण होता? ऑग्सबुर्गच्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याचा मुलगा, साल्झबुर्गच्या आर्चबिशपचा पगारी वादक. दरबारी वादकाची गणना तेव्हा नोकरचाकरांतच होई. अशा घरात दोन विलक्षण मुले निपजली, तेव्हा बापाला त्यांत ईश्वरी देणगी दिसली, तशी चाकरीतून सुटण्याची वाटही दिसली असावी.

1763 च्या जूनमध्ये 11 वर्षांची नॅनर्ल आणि 7 वर्षांचा वोल्फगांग यांना घेऊन कुटुंब निघाले, ते 1766 च्या नोव्हेंबरात परतले. लंडनमध्ये मुलांनी राजासमोर वादन केले. जाहिरातीत मुलाचे वय वर्षाने कमी छापले गेले; माल ताजा दिसला पाहिजे ना! पुढे कुतूहल ओसरले. 1765 च्या जुलैत हीच मुले कॉर्नहिलमधील एका मद्यगृहात रोज दुपारी बारा ते तीन, अडीच शिलिंगच्या तिकिटावर, पट्ट्यांवर रुमाल टाकून वाजवीत होती. त्याच वर्षी हेगला नॅनर्ल इतकी आजारी पडली की तिचे अंतिम धर्मसंस्कारही उरकण्यात आले. पाठोपाठ वोल्फगांग आजारी पडला. दोघे बरे होताच कार्यक्रम पुन्हा सुरू!

1769 च्या डिसेंबरात बापलेक इटलीला गेले. 18 वर्षांची नॅनर्ल मात्र घरी राहिली. मुलगी उपवर झाली होती. पुढे ती साल्झबुर्गात शिकवण्या करीत राहिली.

आपल्याकडे 2016 च्या कायदादुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांच्या कामावर बंदी आली, पण चित्रपट-दूरदर्शनवरील बालकलाकार त्यातून वगळले गेले. सर्कशीतले मूल मात्र वगळले नाही. तंबूतले मूल मजूर आणि स्टुडिओतले कलाकार, हा भेद कोणाच्या सोयीचा? 2017 च्या नियमांनी दिवसाला 5 तासांची मर्यादा घातली, आणि कमाईपैकी किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवण्याची अट घातली. घाम मुलाचा, त्याच्या नावावर मात्र पाचवा हिस्सा ठेवला तरी कायदा समाधानी!

या चित्रीकरणाला जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. तुमच्या गावी असा कार्यक्रम आला तर कार्यकर्त्यांनी कलेक्टर कचेरीत जाऊन ती परवानगी दिली आहे का हे विचारावे, आणि ठेवपावतीचीही चौकशी करावी.