यंत्रांचं एकमेकांशी जमलं पाहिजे



 

आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरात भुलेचं यंत्र एका कंपनीचं, मॉनिटर दुसरीचा, दुर्बिणीचा कॅमेरा तिसरीचा, सी-आर्म चौथीचा. प्रत्येक यंत्र उत्तम. पण नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन पडद्यावर ठळक दिसत असूनही भूलतज्ज्ञ दर पाच मिनिटांनी ते आकडे हाताने कागदावर उतरवतात. रक्तस्राव वाढला की दोन्ही हात रुग्णाला लागतात आणि नेमक्या त्याच वेळची नोंद मागाहून आठवून भरावी लागते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत नोंदवलेली एक घटना मला विसरता येत नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत एक्स-रे स्पष्ट यावा म्हणून व्हेंटिलेटर क्षणभर थांबवला. एक्स-रेच्या गडबडीत तो पुन्हा सुरू करायचा राहिला आणि रुग्ण दगावली. दोष एका माणसाच्या विस्मृतीवर टाकणं सोपं आहे. पण दोन्ही यंत्रं जोडलेली असती, तर श्वास सुटल्याच्या क्षणी चित्र घेता आलं असतं, व्हेंटिलेटर थांबवावाच लागला नसता.

यंत्रं अशी जोडता येतात, हे वैद्यकीय चित्रांसाठीच्या डायकॉम मानकाने दाखवलंय. त्या मानकामुळे एका कंपनीच्या यंत्रावर काढलेला सीटी स्कॅन दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडतो. थिएटरातल्या यंत्रांसाठीही आयट्रिपलई 11073 मालिकेतली, यंत्रं एकमेकांशी जोडण्याची एसडीसी मानकं तयार आहेत. केंद्र सरकारने आरोग्य नोंदींची मानकं 2013 मध्ये आणली, 2016 मध्ये सुधारली. पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र त्यासाठी मदत करतं. 2021 पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनही आहे. मात्र त्याचा भर डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल अशा नोंदींवर. टेबलावर रुग्ण असताना यंत्रांनी आपसात बोलावं, हे काम आपल्यालाच हाती घ्यावं लागेल.

धुळ्याच्या पांझरा नदीकाठच्या माणसांना यातलं मिळून ठरवण्याचं तत्त्व ओळखीचं आहे. तिथल्या फड सिंचन पद्धतीत जमीन ज्याची त्याची, पण पाण्याची पाळी आणि फडातलं पीक सर्वांनी मिळून ठरवायचं.

आपण यंत्र घेताना किमतीवर घासाघीस करतो, वॉरंटी विचारतो. ते कोणतं मानक पाळतं, त्यातली माहिती बाहेर काढायला वेगळे पैसे पडतील का, हे मात्र विचारत नाही. एकेकट्या नर्सिंग होमने विचारलं तर विक्रेता टाळेल. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांनी मिळून विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल. जोडलेली यंत्रं सायबर हल्ल्यापासून जपावी लागतील, त्यावर उद्या स्वतंत्र सत्र आहे.

आज दुपारी निविदेत घालायच्या अटींचा मसुदा आपल्या हाती देणार आहोत. त्यात मोकळेपणाने दुरुस्त्या सुचवा. परिचारिका आणि तंत्रज्ञांनी तर आधी बोलावं. वायरी जोडतात तेच, आणि अलार्म वाजला की धावतातही तेच.