सेवकांनाही विसावा हवा
ख्रिस्ती मंडळीतील पाळक, धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्या सेवेला घड्याळाचे बंधन नसते. उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने, अंत्यविधी, घरगुती तंटे यांत स्वतःसाठी वेळ उरत नाही. अशा दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये तिचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तिची तीन लक्षणे नोंदवली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमतेत घट.

बायबलला हा थकवा परिचित आहे. 1 राजेच्या 19व्या अध्यायात खचून मरण मागणारा संदेष्टा एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून खाऊ घालतो. पुढची कामगिरी त्यानंतर येते. निर्गमच्या 18व्या अध्यायात दिवसभर एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला सासरा इथ्रो काम वाटून द्यायला सांगतो. मार्कच्या 6व्या अध्यायात येशू शिष्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगतो.

रविवार सेवेचा असल्याने सेवकांनी आठवड्यातील दुसरा एक दिवस पूर्ण सुटीचा ठरवावा. भेटीगाठी आणि हिशेब मंडळीतील जबाबदार सभासदांकडे सोपवावेत. पुरेशी झोप, रोजचे चालणे आणि प्रवचनाच्या तयारीपलीकडची स्वतःची प्रार्थना सांभाळावी. मन मोकळे करण्यासाठी मंडळीबाहेरचा विश्वासू सहकारी असावा. उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’ची 14416 ही सरकारी दूरध्वनी सेवा मोफत आहे. पाळकाच्या सुटीचा मान राखणे ही मंडळीचीही जबाबदारी आहे.