मनोरथ आणि नित्याचे काम

(सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



ह्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही विषय मुद्दाम घरगुती निवडला. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात तारुण्यात एखादा मनोरथ असतो. कोणास पुढे शिकावयाचे असते, कोणास व्हायोलिन वाजवावयाचे असते, कोणास पुस्तक लिहावयाचे असते. पुढे नोकरी, वाडी, मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांची दुखणी ह्यांत तो मागे पडतो आणि 'संसार आडवा आला' असे आपण म्हणू लागतो. संसार खरोखरच आडवा येतो काय, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहो.

ह्या बाबतीत ग्रेगोर मेंडेल ह्यांचे चरित्र फार बोधप्रद आहे. आज चेक प्रजासत्ताकात मोडणाऱ्या एका खेड्यात, १८२२ साली, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांना अपघात होऊन कष्टाचे काम होईनासे झाले. एकुलत्या एका मुलाने शेत सांभाळावे, ही रीतच होती. पण मुलास विद्येची ओढ. तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या हुंड्याच्या रकमेतील हिस्सा भावाच्या शिक्षणासाठी दिला.

पुढे १८४३ साली ते ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. शिक्षकाच्या परीक्षेस १८५० साली बसले व नापास झाले. १८५६ साली पुन्हा बसले, तेव्हाही प्रमाणपत्र हाती आले नाही. तरी ते बदली शिक्षक म्हणून शाळेत शिकवीत राहिले, आणि त्याच १८५६ साली मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्यावरील प्रयोगांस आरंभ केला. काम किती बारीक! कळी उमलण्यापूर्वी उघडावयाची, तिचे पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, दुसऱ्या रोपाचे पराग तीवर लावावयाचे, आणि शेवटी दाणे मोजावयाचे. एका प्रयोगात ५,४७४ दाणे गोल भरले व १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. आठ वर्षे शाळेची घंटा आणि मठाची कर्तव्ये सांभाळून हे चालले.

'त्यांना कोठे बायकामुले होती?' असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. १८६८ साली मठाधिपतीचा भार अंगावर आल्यावर त्यांचेही संशोधन मागे पडलेच. कर्तव्य कधी कधी मनोरथाहून भारी ठरते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तोपर्यंत जे रोज थोडे थोडे झाले, ते वाया गेले नाही. १८६५ साली वाचलेल्या व १८६६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ साली ते वारले. आणि १९०० साली इतर शास्त्रज्ञ त्याच नियमांपर्यंत पोहोचले, तेव्हा जगास त्यांची ओळख पटली. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया त्या वाटाण्याच्या वाफ्यांत होता.

तथापि आम्हांस अधिक सांगावयाचे आहे ते तेरेसियेविषयी. मेंडेल तिचे ऋण विसरले नाहीत. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणास त्यांनी हातभार लावला. आपल्या घरांतही अशी तेरेसिया असते. भाऊ शिकावा म्हणून तिने शाळा सोडलेली असते. पती रात्रीच्या वर्गास जावा म्हणून ती एकटी चूल सांभाळते. आपल्या यशात कोणाचा हिस्सा गुंतला आहे, हे आपण घरी कधी बोलून दाखविले आहे काय? तिचा स्वतःचा मनोरथ काय होता, हे तिला कधी विचारले आहे काय?

म्हणून आमची विनंती एवढीच. दिवसातील अर्धा तास मनोरथासाठी राखून ठेवा, आणि तसाच अर्धा तास घरातील दुसऱ्या माणसास मिळावा म्हणून त्याच्या हातचे काम आपल्या हाती घ्या. मग संसार आडवा येणार नाही. तोच मनोरथाचा वाफा होईल.